फायरप्लेसच्या ब्लोअरपर्यंत वीज नेताना

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या घराच्या बैठकीत भिंतीतच बांधलेली एक फायरप्लेस आहे. घर ब्रिटिश अमदानीतले असल्यामुळे भिंती दीड फूट जाडीच्या, पक्क्या विटांच्या आणि चुन्याच्या आहेत, आणि छत चौदा-पंधरा फुटांवर आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात असे उंच छत सुखाचे असते. पण डिसेंबर-जानेवारीत खोलीतली ऊब तिथेच जाऊन बसते आणि खाली खुर्चीवर बसलेल्या माणसाचे पाय गारठलेलेच राहतात. नागपूर म्हटले की बाहेरच्यांना मे महिनाच आठवतो, परंतु 29 डिसेंबर 2018 रोजी याच शहराचे किमान तापमान 3.5 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. माझ्या सासूबाईंना त्या हिवाळ्यापासून सांधेदुखीचा त्रास थंडीत फारच वाढू लागला आणि वर्षानुवर्षे केवळ शोभेपुरती उरलेली फायरप्लेस पुन्हा कामाला लावण्याचा विचार घरात सुरू झाला.

उघड्या फायरप्लेसमधल्या जाळाची बहुतेक उष्णता धुराबरोबर चिमणीतून निघून जाते. इतकेच नव्हे, तर वर जाणारा गरम झोत खोलीतली हवाही ओढून नेतो आणि तिच्या जागी दारांच्या फटींतून बाहेरची थंड हवा आत येते; म्हणजे जाळासमोर बसलेल्याचा चेहरा भाजतो आणि पाठ गारठते. यावरचा उपाय म्हणून आम्ही हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फायरप्लेसच्या मापाची दुहेरी भिंतींची पोलादी पेटी बनवून घेतली. आतल्या भागात, म्हणजे फायरबॉक्समध्ये, लाकूड जळते आणि त्याचा धूर स्टेनलेस स्टीलच्या नळीतून जुन्या चिमणीच्या टोकापर्यंत जातो. आतली आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये जी पोकळी असते, तिच्यात खालून खोलीतली हवा शिरते, तापते आणि दाराच्या वरच्या झडपांतून पुन्हा खोलीत येते. धूर आणि ही हवा कुठेही एकत्र येत नाहीत. ही हवा आपसूकही फिरते, परंतु फार संथपणे, आणि बाहेर पडताच सरळ छताकडे जाते. पेटीच्या तळाशी एक लहानसा ब्लोअर बसवला, की तीच हवा जोराने समोर, माणसांच्या उंचीवर फेकली जाते. आमच्यासारख्या उंच छताच्या खोलीत ब्लोअर नसेल, तर त्या पेटीचा निम्मा उपयोग वाया जातो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

अडचण एवढीच होती की फायरप्लेसच्या आसपास विजेचा एकही पॉइंट नव्हता. समोरच्या भिंतीवर दिवा आणि पंख्याचा एक जुना बोर्ड होता, तोही लांब.

ब्लोअर होता केवळ 45 वॉटचा. त्यामुळे ज्यांना ज्यांना विचारले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी जवळच्या बोर्डावरून एक वायर ओढून घ्या, असाच सल्ला दिला. भार कमी आहे हे खरेच होते, पण भार हा इथला प्रश्नच नव्हता. आगीच्या इतक्या जवळ जाणारी वायर किती तापेल, ती जुन्या भिंतीतून कोणत्या वाटेने न्यायची, आणि घरातली माणसे जिच्या दाराला रोज हात लावणार त्या लोखंडी पेटीत एखाद्या दिवशी करंट उतरलाच, तर तो जमिनीत जाण्याची सोय आहे का, हे तीन प्रश्न वॉटच्या आकड्यात बसत नाहीत. म्हणून मी राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच काम करून घेण्याचे ठरवले आणि त्यांच्या वायरमनबरोबर प्रत्येक टप्प्यावर स्वतः उभी राहिले.

पहिली पाहणी जुन्या वायरिंगची झाली. बैठकीतले वायरिंग सागवानी पट्टीवरून गेलेले, पत्र्याच्या क्लिपांनी आवळलेले आणि रबराच्या आवरणाचे होते. वायरमन भाऊंनी बोर्ड उघडून एक टोक बोटाने हळूच वाकवले, तर वरचे रबर बिस्किटासारखे तुकडे होऊन खाली पडले आणि आतली तार उघडी झाली. "काकू, ह्या वायरला हलवलं का गेलीच समजा. हिच्यातून मी काही लाइन काढून देत नाही," असे त्यांनी सांगितले, आणि ते मला पूर्णपणे पटले. असे आवरण जागेवर शांत असते तोवर टिकून राहते, पण नवीन जोड देण्यासाठी त्याला धक्का लागला की ते बोर्डाच्या आत, न दिसणाऱ्या जागी तडकते. त्यामुळे ब्लोअरसाठी मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासूनच स्वतंत्र लाइन आणायची, असा निर्णय झाला: 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन वायरी, 6 अँपिअरचा एमसीबी आणि त्याच्यासोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी.

या दोन उपकरणांची कामे वेगळी आहेत आणि अनेक घरांत एक असले की दुसऱ्याची गरज नाही, असे समजले जाते. शॉर्ट सर्किट झाले किंवा भार मर्यादेबाहेर गेला की एमसीबी पडतो. तो मुख्यतः वायर वाचवतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट एमसीबीच्या दृष्टीने नगण्य असतो, त्यामुळे तो पडत नाही. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सतत ताडून पाहतो. परतणारा करंट 30 मिलिअँपिअरने कमी भरला, म्हणजे तो दुसरीकडे कुठेतरी, कदाचित एखाद्याच्या हातातून जमिनीत चालला आहे असे धरून तो सेकंदाच्या लहानशा अंशात लाइन तोडतो. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचा कूलर काय किंवा पोलादी पेटी काय, धोका एकाच जातीचा आहे.

अर्थिंगची तपासणी करताना जे निघाले, ते मी विसरू शकत नाही. मुख्य बोर्डापासून निघालेली जाड, उघडी अर्थची तार बाहेरच्या भिंतीवरून खाली उतरत होती आणि नळाच्या लोखंडी पाइपला क्लॅम्पने बांधलेली होती. जुन्या घरांत ही पद्धत सर्रास असे, कारण गॅल्वनाइज्ड पाइप जमिनीखालून लांबवर जात असल्यामुळे त्याचाच अर्थ म्हणून उपयोग होई. वायरमन भाऊंनी पाइपभोवतीची माती खुरप्याने उकरली. वीतभर खाली लोखंडी पाइप संपला होता आणि पुढे प्लास्टिकचा पाइप सुरू झाला होता. केव्हातरी नळजोडणी बदलताना खालचा भाग बदलला गेला, वरचा लोखंडी तुकडा तसाच राहिला, आणि तेव्हापासून आमच्या संपूर्ण घराला अर्थिंगच नव्हते. भिंतीवर तार दिसत होती, क्लॅम्प घट्ट होता, तीन पिनांचे सॉकेटही जागच्या जागी होते. जुन्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने आपली अर्थची तार शेवटपर्यंत, म्हणजे ती खरोखर जमिनीत शिरते तिथपर्यंत, एकदा तरी पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यामुळे ब्लोअरच्या आधी अर्थिंगचे काम करावे लागले. आमच्या अंगणात वर काळी माती आणि खाली मुरूम आहे. काळी माती ओली असताना विजेला उत्तम वाट देते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि ज्या खड्ड्याचे माप पावसाळ्यात छान आले होते, त्याच खड्ड्याचे माप मे महिन्यात बिघडते. यासाठी खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या बाजूला, जिथे वर्षभर ओल राहते, तिथे घेतला. इलेक्ट्रोड भेगाळणाऱ्या थराच्या बराच खालपर्यंत नेला, त्याच्याभोवती ओल धरून ठेवणारी पूड भरली आणि वर पाणी घालण्यासाठी नळी ठेवली. अर्थ टेस्टरवर रोध पाच ओहमच्या आत आल्यावरच पुढचे काम सुरू झाले. मे महिन्यात पुन्हा मोजणी करून घेण्याचे तेव्हाच ठरवले आणि ती करवूनही घेतली. माप थोडे वाढले होते, पण मर्यादेतच होते.

वायरीची वाट ठरवताना बराच खल झाला. सर्वांत जवळची वाट फायरप्लेसच्या वरून, चिमणीच्या पुढे आलेल्या भिंतीवरून खाली येणारी होती आणि ती ताबडतोब रद्द केली, कारण चिमणीचा तो भाग आतून तापतो आणि त्यात वायर बुजवणे म्हणजे तिला कायम शेकत ठेवणे आहे. धूर जातो त्या पोकळीतून तर वायर कोणत्याही परिस्थितीत नेऊ नये. शेवटी वाट ठरली ती बाहेरून. मुख्य बोर्डापासून जोत्याच्या वरून बाहेरच्या भिंतीवर कंड्युट (वायरी नेण्याची नळी), आणि फायरप्लेसच्या डाव्या बाजूला, तिच्या तोंडापासून सुमारे दोन फूट अंतरावर, भिंत आरपार छेदून आत. छिद्राला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे पावसाचे पाणी कंड्युटमधून आत येणार नाही.

आतल्या बाजूने तीन फुटांची एकच झिरी काढावी लागली. चुन्याचा जुना गिलावा कटरच्या धक्क्याने पापुद्र्यासारखा मोठमोठ्या तुकड्यांनी सुटतो. म्हणून आधी दोन्ही कडा बारीक पात्याने कापून घेतल्या आणि मधला भाग छिन्नीने, हाताने काढला. झिरी बुजवताना सिमेंट न वापरता चुना आणि बारीक वाळूच वापरली. सिमेंटचा कडक थर मऊ चुन्याच्या भिंतीशी एकजीव होत नाही आणि काही पावसाळ्यांनंतर कडेने सुटतो. हे बघायला विजेचे काम नसले, तरी विजेच्या कामानंतर भिंतीचे जे हाल होतात ते या लहानशा काळजीने टळतात.

सॉकेट आणि स्विच फायरप्लेसच्या आत बसवायचे की बाहेर, यावर माझे आणि घरातल्या मंडळींचे मतभेद होते. आत बसवले असते तर काहीच दिसले नसते आणि बैठक अधिक देखणी राहिली असती. तरीही मी बाहेरच्याच बाजूचा आग्रह धरला. पेटीत काही बिघडले, धूर किंवा जळका वास आला, तर त्या तापलेल्या पेटीत हात न घालता प्लग काढता आला पाहिजे. तीन पिनांचे सॉकेट डाव्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीवर आहे, शेजारी स्विच आहे, आणि तिथून फक्त एक केबल पेटीच्या तळाच्या कप्प्यात जाते.

त्या शेवटच्या हातभर केबलवर आम्ही सर्वांत जास्त विचार केला. घरगुती पीव्हीसी वायर 70 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असते. बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या, दुकानात मला एफआर वायर घ्या, ती आगीची असते, असे सांगण्यात आले. हा गैरसमज फार पसरलेला आहे. एफआर म्हणजे त्या आवरणातून ज्वाला सहज पसरत नाही, एवढाच अर्थ. त्या वायरने सतत उष्णता सोसावी अशी तिच्याकडून अपेक्षा नसते. म्हणून केबल मागवण्यापूर्वी पेटीत मध्यम जाळ करून, ब्लोअर न जोडता, तापमान मोजले. फायरबॉक्सच्या मागच्या पोकळीत पारा दीडशेच्या पुढे गेला. तळाच्या कप्प्यात, जिथे ब्लोअर बसणार होता, 80 अंशांच्या आसपास राहिला. म्हणजे सर्वांत थंड वाटणारी जागासुद्धा साध्या वायरीच्या मर्यादेबाहेर होती. त्या भागासाठी 180 अंश सोसणारी सिलिकॉन रबराची, वरून काचतंतूंचे विणलेले आवरण असलेली वायर घेतली. ओव्हन आणि औद्योगिक भट्ट्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ती मिळते. जोडांसाठी प्लास्टिकची पट्टी न वापरता चिनी मातीचे कनेक्टर लावले आणि पत्र्याच्या छिद्रातून वायर जाते तिथे कड घासून त्यात पितळी ग्लँड, म्हणजे वायर घट्ट धरणारी कडी, बसवला.

ब्लोअर आपोआप सुरू आणि बंद व्हावा, यासाठी एका द्विधातू पट्टीच्या थर्मल स्विचची योजना आहे. नाण्याएवढी ती चकती फायरबॉक्सच्या खालच्या पत्र्याला घट्ट चिकटलेली असते; पत्रा 50 अंशांच्या आसपास पोहोचला की तिच्यातली पट्टी उलटी वाकते, टिक असा आवाज होतो आणि ब्लोअर सुरू होतो. पेटी थंड झाली की तो बंद पडतो. लाकूड नुकतेच पेटत असताना थंड हवेचा झोत अंगावर येत नाही आणि रात्री निखारे विझेपर्यंत कोणी जागत बसावे लागत नाही. ही चकती फेजच्या वायरीत जोडायची, न्यूट्रलमध्ये नव्हे, म्हणजे ब्लोअर थांबलेला असताना त्याच्या गुंडाळीपर्यंत फेज पोहोचत नाही. अर्थची हिरवी वायर मात्र कोणत्याही स्विचमधून न नेता सरळ पेटीच्या मूळ सांगाड्याला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळली. दाराच्या बिजागऱ्यांवर विसंबून न राहता दारालाही वेगळी वेणीदार तार दिली.

जोडणी झाल्यावर 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासले. माप उत्तम होते. तरीही प्रत्यक्ष ब्लोअर सुरू करताच आरसीसीबी पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. नवी मोटर खराब असावी, असा पहिला संशय सर्वांनाच आला. मोटर काढून दुसऱ्या खोलीत तपासली, तर ती निर्दोष होती. मग वायरमन भाऊंनी बोर्डापासून एकेक वायर हाताने मागे तपासत नेली, आणि सॉकेटच्या डबीत कारण सापडले. तिथेच एक भिंतीवरचा दिवा नव्याने दिला होता, त्याची लाइन वेगळ्या एमसीबीवरून होती, आणि मदतनिसाने दोन्हींच्या न्यूट्रल एकाच स्क्रूखाली आवळल्या होत्या. ब्लोअरचा फेज आरसीसीबीतून येत होता, पण परतणारा करंट दिव्याच्या न्यूट्रलमधूनही निघून जात होता. 45 वॉटची मोटर 230 व्होल्टवर निदान 200 मिलिअँपिअर करंट घेते. त्यातला निम्मा जरी दुसऱ्या वाटेने गेला, तरी तो 30 मिलिअँपिअरच्या कितीतरी पुढे जातो. आरसीसीबीने आपले काम चोख केले होते. अशा वेळी 'हा सारखा पडतो' म्हणून आरसीसीबीच काढून टाकणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हा प्रसंग मुद्दाम सविस्तर लिहिला. न्यूट्रल वेगळ्या केल्यावर ब्लोअर सुरू झाला आणि आजवर आरसीसीबी विनाकारण पडलेला नाही. त्याचे टेस्ट बटण मी दर महिन्याला दाबून पाहते.

पहिल्या थंडीत पेटी पूर्ण तापलेली असताना मुद्दाम मेन स्विच बंद करून वीज गेल्याची स्थिती निर्माण केली. ब्लोअर थांबला, तळाच्या कप्प्याचे तापमान हळूहळू चढत गेले आणि 90 अंशांच्या थोडे खाली स्थिरावले. वायर त्यासाठीच घेतलेली होती आणि मोटरच्या गुंडाळीचे इन्सुलेशन 155 अंशांच्या वर्गातले आहे, त्यामुळे चिंता उरली नाही. तरीही वीज गेली की नवीन लाकूड घालायचे नाही आणि हवेची खालची झडप अर्धी ओढून घ्यायची, असा नियम घरात केला आहे. ही लाइन इन्व्हर्टरवर घ्यावी का, हाही विचार झाला. परंतु आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा आहे आणि त्याच्यावर ब्लोअरची मोटर घरघरते आणि जास्त तापते. शुद्ध साइन लहरींचा इन्व्हर्टर येईल तेव्हा ते काम करू.

ब्लोअर आल्याने धुराचा प्रश्न सुटतो, असा समज कोणी करून घेऊ नये. तो खोलीतलीच हवा फिरवतो, धूर बाहेर टाकत नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा चालू असेल आणि सगळी दारे-खिडक्या बंद असतील, तर तो पंखा चिमणीतली हवा उलट खाली ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून जाळ असताना बैठकीची एक खिडकी बोटभर उघडी असते, भिंतीवर त्या वायूचा गजर लावला आहे आणि सासूबाईंची खुर्ची पेटीपासून लांब, झोत पोहोचेल पण धग लागणार नाही अशा जागी ठेवली आहे. लाकूड बागेतल्या कडुलिंबाच्या छाटणीचे आणि थोडे टालावरून आणलेले बाभळीचे असते. मागच्या पावसाळ्याआधी फोडून पत्र्याखाली वाळवलेलेच वापरतो, कारण ओल्या लाकडाने नळीत काजळी धरते.

राख बारीक असते आणि ब्लोअर तिला ओढून घेतो, त्यामुळे जाळीच्या मागची पाती हंगामात अधूनमधून कोरड्या ब्रशने साफ करावी लागतात. त्याआधी प्लग काढलेला असतो. जून लागण्यापूर्वी प्लग काढून ब्लोअर बाहेर घेतो, त्याची केबल गुंडाळून ठेवतो आणि तळाचा कप्पा रिकामा ठेवतो. चिमणीवर टोपी असली तरी वादळी पावसात थोडे पाणी नळीच्या बाजूने खाली झिरपते, आणि ते पाणी रिकाम्या पत्र्यावर पडलेले बरे.